चेरोकी गाणाऱ्या मायलेकींना मंडळाच्या दिवाळीला बोलवावं का?

शेवंती
नमस्कार. मी टल्साला राहते, ओक्लाहोमात. चौदा वर्षं झाली. गेल्या मार्चमधली एक गोष्ट आधी सांगते, मग प्रश्न विचारते. गोष्टीशिवाय प्रश्न कळायचा नाही.

ऑफिसातली एक मैत्रीण चेरोकी आहे, म्हणजे अमेरिकेतल्या मूळनिवासी जमातींपैकी एकीची. तिने गावच्या चर्चमध्ये जेवायला बोलावलं. टॅलिक्वा हे चेरोकी राष्ट्राच्या, म्हणजे त्या जमातीच्या स्वतःच्या शासनाच्या, राजधानीचं गाव, आमच्याकडून गाडीने सव्वा तास. चर्च त्याच्याही पुढे, झाडीत. छोटंसं, पांढरं, बॅप्टिस्ट पंथाचं. वसंत लागला की तिकडे ओढ्याकाठी रानकांदे उगवतात. ते खणायचे, निवडायचे, चिरून अंड्यात परतायचे आणि चर्चच्या खर्चासाठी गावजेवण घालायचं, अशी रीत आहे. सोबत बीन्स, पोर्क आणि तळलेला फ्राय ब्रेड. आपली पातीच्या कांद्याची भुर्जीच ती, फक्त वास जास्त रानटी. मी दोनदा मागून घेतली.

ताटं उचलायच्या आधीच मायलेकी उभ्या राहिल्या. आई सत्तरीची, मुलगी पंचेचाळिशीची. मुलीच्या गळ्यात गिटार, आईच्या हातात तळव्यात मावेल एवढं काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. मी डोकावून पाहिलं. सगळी चेरोकी अक्षरं, स्वरलिपी कुठेच नाही, चाली डोक्यात. आईला शब्द पाठ होते तरी ओळीखालून अंगठा सरकत होता. पहिली ओळ तिने उचलली, दुसरीला मुलगी खालच्या सुरात मिसळली, आणि तिसरीला माझ्या शेजारचे आजोबा, हातात काटा तसाच धरून, गायला लागले. बघता बघता सगळी खोली गात होती. मला एक शब्द कळत नव्हता आणि डोळे भरून आले होते.

दोघी दोन गाण्यांच्या मध्ये गोष्टी सांगतात. हे गाणं कुठून आलं, कुणाच्या मयताला म्हणतात, आजी कसं म्हणायची. चर्च, शाळा, वृद्धाश्रम, तुरुंग, सगळीकडे जातात. याला त्या मिनिस्ट्री म्हणतात. मी सेवा म्हणेन.

तर प्रश्न. यंदाच्या मंडळाच्या दिवाळीला त्यांना बोलवावं असं मी सुचवलं. समितीत नऊ जण. चार जण म्हणाले, हा धर्मप्रचार आहे, दिवाळीत नको. तीन जण म्हणाले, टल्सा हे गावच मस्कोगी, चेरोकी आणि ओसेज या जमातींच्या हद्दी मिळतात तिथे वसलंय. ज्यांच्या भूमीवर आपण दिवे लावतो त्यांचं गाणं एकदा तरी ऐकावं. दोघे गप्प. तुम्ही काय केलं असतं?

दर्यावर्दी
बोलावलं असतं. आणि रानकांद्यांची पाककृती मागून घेतली असती.

स्वल्पविराम
शेवंतीताई, तुमचा अनुभव मनापासून लिहिलाय, त्याबद्दल शंका नाही. पण मुळातच एक गफलत वाटते. चर्चची भजनं ही चेरोकींचा वारसा कशी? ती मिशनऱ्यांनी आणली. त्यांचं स्वतःचं आहे ते स्टॉम्प डान्स, अग्नीभोवतीची रात्रभराची गाणी. बोलवायचंच असेल तर ते करणाऱ्यांना बोलवा. जे लादलं गेलं त्यालाच परंपरा म्हणून टाळ्या वाजवायच्या, हे मला पटत नाही.

अटलांटाचा अण्णा
स्वल्पविराम, मीही असंच म्हणायचो. मग तीन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन न्यू एकोटाला गेलो. अटलांटाहून आय-७५ ने उत्तरेला, कॅलहूनजवळ. पश्चिमेकडे हद्दपार केलं जायच्या आधी ही चेरोकींची राजधानी होती. आज तिथे मोठं गवताळ मैदान आहे, मधूनमधून चारदोन घरं, त्यातलं बरंचसं नव्याने उभारलेलं. मिशनरी सॅम्युअल वूस्टरचं घर मात्र मूळचं.

तिथला छापखाना बघा आणि मग बोलू. सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने १८२१ पर्यंत आपल्या भाषेची अक्षरं तयार केली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. छापलेला कागद बोलतो एवढंच त्याने पाहिलं होतं आणि आपल्या भाषेलाही तसं बोलता यावं म्हणून बारा वर्षं डोकं लावलं. काही वर्षांत घराघरांत लोक एकमेकांना शिकवून वाचायला लागले. २१ फेब्रुवारी १८२८ ला 'चेरोकी फीनिक्स' निघालं, इंग्रजी आणि चेरोकी शेजारी शेजारी. संपादक ईलायस बूडिनो, चेरोकीच. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' निघालं ६ जानेवारी १८३२ ला, तेही दोन भाषांत. म्हणजे हे लोक आपल्या चार वर्षं आधी.

आणि पुढच्याच वर्षी, १८२९ ला, त्याच छापखान्यातून बूडिनो आणि वूस्टर यांनी चेरोकी भजनांचं पुस्तक छापलं. शेवंतीताईंनी जे काळं पुस्तक पाहिलं त्याची खापरपणजी ती. भजन मिशनऱ्याचं असेल, अक्षर चेरोकीचं आहे. लादलं म्हणताना एवढं लक्षात घ्यावं.

खिळेजुळारी
अण्णा, तुम्ही छापखान्याचं नाव काढलंत आणि मला राहवेना. माझे वडील सदाशिव पेठेत एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, जुळवायचे, एकतीस वर्षं. आमची देवनागरी म्हणजे खिळ्यांच्या घरांची पेटी नव्हे, भिंतच असायची. अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार, सगळ्यांचे वेगळे खिळे. संध्याकाळी घरी आले तरी बोटं जेवणाच्या ताटाभोवती घरं शोधत फिरायची.

सिक्वोयाच्या लिपीत अक्षरं मुळात ८६ होती, आता ८५ वापरात. प्रत्येक अक्षर म्हणजे आख्खा उच्चार: गा, गे, गी, गो असं एकेक स्वतंत्र. आपली बाराखडी, पण काना-मात्रा न जोडता प्रत्येक घराला नवीनच चिन्ह. म्हणजे जोडाक्षराची कटकट नाही! वडिलांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, फार सुखी माणसं.

त्या छापखान्याचे खिळे बोस्टनला ओतवून आणले होते. आणि १९५० च्या दशकात न्यू एकोटाला उत्खनन झालं तेव्हा मातीत ते खिळे सापडले. शंभराहून जास्त वर्षं जमिनीत पडलेलं एकेक अक्षर. माझ्याकडे वडिलांनी आणलेला 'ळ' आहे, टेबलावर. आता तो वेगळाच दिसायला लागलाय.

मुक्ता
खिळेजुळारी, किती सुंदर. 'ळ' चा फोटो टाका की.

खिळेजुळारी
टाकतो. आधी ब्रशने साफ करतो.

स्वल्पविराम
अण्णा, माहिती चांगली दिलीत. मान्य. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून अमेरिकेभर निवासी शाळा आल्या, सरकारी आणि चर्चच्याही. मुलाने आपली भाषा बोलली की मार. आज चेरोकी मातृभाषा म्हणून बोलणारे दोन हजारांहूनही कमी उरलेत, तेही बहुतेक म्हातारे. एकट्या चेरोकी राष्ट्राचे नागरिक साडेचार लाखांवर आहेत, त्यावरून हिशोब करा. २०१९ मध्ये तिन्ही चेरोकी जमातींनी मिळून भाषेसाठी आणीबाणी जाहीर केली. हे कुणामुळे झालं? ज्या हातांनी भजनांचं पुस्तक दिलं त्यातलेच काही हात तिकडेही होते.

अटलांटाचा अण्णा
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तुमचं वाक्य मी खोडणार नाही.

फक्त वूस्टरचं पुढचं सांगतो. जॉर्जिया राज्याने कायदा केला की चेरोकी मुलुखात राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याचा परवाना घ्यावा, निष्ठेची शपथ घ्यावी. वूस्टरने नकार दिला. १८३१ ला चार वर्षं सक्तमजुरी झाली. खटला वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८३२ मध्ये निकाल लागला की चेरोकी भूमीत जॉर्जियाचा कायदा चालणार नाही. राज्याने निकाल धाब्यावर बसवला, वूस्टर १८३३ पर्यंत तुरुंगातच. सुटल्यावर ओक्लाहोमाकडे गेला, पार्क हिलला छापखाना घातला आणि १८५९ ला मरेपर्यंत छापत राहिला.

बूडिनोने मात्र १८३५ च्या करारावर सही केली, ज्यात पूर्वेकडची सगळी भूमी गेली. त्याच्याच लोकांनी १८३९ मध्ये त्याला मारलं. मधल्या १८३८-३९ च्या हिवाळ्यात सुमारे सोळा हजार लोकांना पश्चिमेकडे हाकललं, वाटेत आणि छावण्यांत मिळून अंदाजे चार हजार गेले. त्या तांड्यांपैकी एकाचा म्होरक्या जेसी बुशीहेड हा चेरोकी बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होता. मिसिसिपीत बर्फ वाहून आल्याने त्याचा तांडा नदीकाठी सुमारे महिनाभर अडकला. ती माणसं भजनं गात गेली, असं आजही चेरोकी सांगतात. लादलेलं गाणं माणूस त्या वाटेवर म्हणत नाही हो. तिथे जे तोंडात येतं ते आपलं झालेलं असतं.

शेवंती
सगळ्यांचे आभार. स्वल्पविराम, तुमचा मुद्दा मी त्या मुलीलाच फोनवर विचारला. स्टॉम्प डान्सची गाणी म्हणाल का, असं.

ती जराही रागावली नाही. म्हणाली, आमच्या घरात दोन्ही आहे. मामा स्टॉम्प ग्राउंडला जातात, आई चर्चला. मी लहानपणी पायाला कासवांच्या पाठींची खुळखुळी बांधून नाचलेय (पुरुष गाणं सांगतो, मागचे उचलतात, आणि ताल बायकांच्या पायांतून येतो, त्यांच्याशिवाय नाच उभाच राहत नाही). पण ती गाणी त्या अग्नीची आहेत. अग्नी नसेल तिथे, माइकसमोर, ती मी म्हणणार नाही. भजनं मात्र कुणीही कुठेही बोलावलं तर म्हणेन, कारण ती त्यासाठीच आहेत.

मला हे फार महत्त्वाचं वाटलं. काय द्यायचं, काय घरात ठेवायचं, हे त्या ठरवतात. आपण बाहेरून यादी करून, हे खरं तुमचं आणि हे उसनं, असं सांगायचं नाही.

स्वल्पविराम
हे उत्तर मला आवडलं. अग्नीचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता.

नगरी आवाज
आज सकाळपासून हा धागा वाचतोय. मी नगरचा, आमचं घराणं चार पिढ्या ख्रिस्ती. तुम्हाला एक धागा जोडून देतो, बघा.

अण्णांचा वूस्टर ज्या संस्थेने पाठवला तिचं नाव अमेरिकन बोर्ड. स्थापना १८१०. याच संस्थेची माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट, फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं. चेरोकी मुलुखातलं ब्रेनर्ड ठाणं १८१७ चं. नगरचं काम १८३१ चं, म्हणजे ज्या वर्षी वूस्टर तुरुंगात गेला तेच. एकाच कचेरीतून एक पत्र न्यू एकोटाला जायचं आणि एक नगरला.

आणि गाण्याचंही तसंच. आमच्याकडे आधी इंग्रजी चालींवर बेतलेली मराठी गीतं होती. मग ना. वा. टिळक आले. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, नगरला राहिले आणि ओवी, अभंग, भजन असं आपल्या मातीतलं सगळं घेऊन ख्रिस्ताबद्दल लिहायला लागले. माझी आजी आयुष्यात कधी ऑर्गनवर गायली नाही. तिच्या भजनी मंडळात पेटी, ढोलकी आणि टाळ. शेजारच्या वारकरी काकू यायच्या आणि चाल ओळखीची म्हणून ठेका धरायच्या. आजीला कुणी म्हटलं असतं की हे तुझं नाही, परकं आहे, तर तिने त्याला आधी चहा पाजला असता आणि मग अख्खं भजन ऐकवलं असतं.

म्हणून शेवंतीताई, बोलवा. धर्मप्रचाराची भीती मला कळते, पण माणूस आपल्या श्रद्धेचं गाणं गातो तेव्हा तो दर वेळी तुम्हाला ओढायला आलेला नसतो.

गोंयकार
नगरी आवाज, आमच्या गोव्यातलं थॉमस स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ चं. ओव्यांत, मराठीत. तेव्हा वूस्टरचे आजोबाही जन्मले नव्हते.

सूरपेटी
गाण्याबद्दल कुणीच फार बोललं नाही, म्हणून.

'अमेझिंग ग्रेस' या इंग्रजी भजनाची चाल सगळ्यांना ठाऊक आहे. चेरोकी त्या चालीवर गातात तेव्हा ते भाषांतर असेल असं लोक धरून चालतात. तसं नाही. शब्दच वेगळे आहेत. सुरुवात 'उनेत्लनँही उवेजी' अशी, म्हणजे ईश्वराचा पुत्र, आणि त्याने आमच्यासाठी मोल भरलं असा पुढचा भाव. गंमत म्हणजे इंग्रजी शब्दांनाही ही चाल पुस्तकात पहिल्यांदा मिळाली १८३५ मध्ये, अमेरिकेतच.

दुसरं. चेरोकीत सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. आणि क्रियापदं लांबलचक, आपल्या एका वाक्याचं काम एकच क्रियापद करतं. अशी भाषा आखीव चार ओळींच्या चालीत बसवायची म्हणजे कुठे अक्षरं दाटीवाटीने येतात, कुठे एकच अक्षर लांबवावं लागतं. म्हणून ते गाणं ऐकताना इंग्रजीसारखं सपाट पडत नाही. शेवंतीताई, तुम्हाला शब्द न कळता भरून आलं त्यात याचाही वाटा असावा.

आणि त्यात तो अनुनासिक स्वर! रोमन लिपीत तो 'व्ही'ने लिहितात आणि वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. आपल्याकडे चंद्रबिंदू आहे, 'अँ' लिहिलं की झालं. चेरोकीसाठी देवनागरी छान बसते.

घरातल्या घरात गाणाऱ्यांचं म्हणाल तर गायिका रीटा कूलिज, तिची बहीण प्रिसिला आणि प्रिसिलाची मुलगी लॉरा सॅटरफील्ड यांनी नव्वदच्या दशकात 'वलेला' नावाचा गट काढला होता. वलेला म्हणजे चेरोकीत हमिंगबर्ड. कूलिज बहिणींचे वडीलही पाद्री. त्यांचं ऐका, तीन आवाज एका कुळाचे आहेत हे पहिल्या ओळीतच कळतं.

दर्यावर्दी
एका कुळाचे म्हणालात म्हणून: चेरोकींत सात कुळं असतात असं वाचलंय. लांडगा, हरीण, पक्षी वगैरे. गोत्रासारखं?

शेवंती
अगदी गोत्रासारखं, सगोत्र लग्नही नाही. पण कूळ आईकडून येतं. मुलगी आईच्या कुळाची, बाप कुठल्याही कुळाचा असो. म्हणूनच मला मायलेकींचं गाणं जास्त भावलं असेल. कूळ, गाणं आणि काळं पुस्तक, तिन्ही एकाच बाजूने येतंय.

दर्यावर्दी
म्हणजे आमच्या घरात लेकीचं कूळ तिच्या आईचं ठरेल. बायकोला दाखवला हा प्रतिसाद, ती फार खूश आहे.

मुक्ता
एक अवघड प्रश्न विचारते, राग नसावा. अमेरिकेत कुणालाही विचारा, 'माझी पणजी चेरोकी राजकन्या होती' म्हणतात. चेरोकींत राजकन्या हा प्रकारच नव्हता. कार्यक्रमाला बोलावताना या खरोखर चेरोकी आहेत का हे पाहायला नको? उद्या कुणी पिसं लावून पैसे घेऊन गेलं तर?

कायदेकानू
मी ओक्लाहोमात वकिली करतो. मुक्ता, प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर आहे. चेरोकी असणं ही नुसती वंशाची किंवा भावनेची गोष्ट नाही, ते नागरिकत्व आहे. संघराज्याने मान्य केलेल्या चेरोकी जमाती तीनच: ओक्लाहोमातलं चेरोकी राष्ट्र, तिथलाच युनायटेड कीटूवा बँड, आणि उत्तर कॅरोलायनातला ईस्टर्न बँड. चेरोकी राष्ट्रात १९०० च्या आगेमागे सरकारने केलेल्या डॉज नोंदवहीत पूर्वजाचं नाव लागतं. रक्ताचं प्रमाण किती, अशी अट तिथे नाही. बाकी दोघांकडे आहे.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो. श्रीमंत चेरोकींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते, तेही त्या हद्दपारीच्या वाटेवर चालले. १८६६ च्या कराराने त्यांना नागरिकत्वाचे हक्क मिळाले, पुढे ते नाकारले गेले, २०१७ ला न्यायालयाने परत दिले आणि २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयाने 'रक्ताने' हा शब्दच घटनेतून काढायला लावला. तेव्हा दिसण्यावरून कुणाला पारखू नका.

शेवंतीताईंच्या मायलेकींना तर त्यांच्या गावानेच, त्यांच्या भाषेत साथ दिली. आणखी काय पुरावा हवा? पिसांचं म्हणाल तर, मोठी पिसांची शिरोभूषणं ही मैदानी जमातींची. चेरोकी बाईचा सणाचा पोशाख म्हणजे टेअर ड्रेस. कापड कात्रीने न कापता सरळ फाडून पट्ट्या करायच्या आणि शिवायच्या. १९६९ पासून तो चेरोकी राष्ट्राचा अधिकृत स्त्रीवेश आहे. स्पेलिंग अश्रूंसारखं असलं तरी अर्थ फाडण्याचा, उच्चारही तसाच करा.

मुक्ता
मनापासून आभार. माझा प्रश्न मिटला.

खिळेजुळारी
घरातल्या घरात कार्यक्रम करणाऱ्यांचा विषय निघालाय तर पहिली चेरोकी जोडी कोणती ते सांगू? सिक्वोया आणि त्याची लहानगी लेक अयोका. लोकांना वाटायचं हा चेटूक करतोय. तेव्हा लेकीला दूर पाठवून, लोकांनी सांगितलेले शब्द त्याने लिहिले, आणि तिने परत येऊन घडाघडा वाचून दाखवले, असं सांगतात. बापलेकीचा जाहीर कार्यक्रम, तिकीट नाही.

शिवाय त्या लिपीत 'प' नाही, 'र' पण नाही. बायबलातला पॉल तिथे 'क्वोला' होतो. म्हणजे दिवाळीऐवजी होळीला बोलावलंत तर पुरणपोळी लिहायची 'क्वुलनाक्वोली'!

दर्यावर्दी
क्वुलनाक्वोली! आजपासून घरी हेच म्हणणार.

वाड्यातली वहिनी
मी एक वेगळं मत मांडते. मी समितीत असते तर त्या चौघांत बसले असते. द्वेष म्हणून नव्हे. दिवाळीच्या कार्यक्रमाला लोक मुलांना घेऊन येतात, वर्षातून एकदा. तिथे लक्ष्मीपूजन, फराळ, मुलांची नाटुकली. त्यात येशूची भजनं आली तर एखाद्याला खुपणारच, आणि त्या पाहुण्यांनाही ते जाणवेल. बोलवा, पण वेगळ्या दिवशी, त्यांच्यासाठीच दिवस ठेवून. उरलेल्या दहा मिनिटांत कोंबू नका. आणि पुजाऱ्याला देतो तसं व्यवस्थित पाकीट द्या.

नगरी आवाज
वहिनी, बोललात ते सोळा आणे. वेगळा दिवस हाच मान.

शेवंती
वहिनींचं म्हणणं समितीपुढे ठेवते. कळवते.

शेवंती
मंडळी, पाच महिन्यांनी धागा वर काढतेय. कार्यक्रम झाला.

दिवाळीनंतरचा शनिवार, दुपारचा, फक्त त्यांचा. मतदान सहा विरुद्ध तीन. तिघांपैकी दोघे तरी आले, एक कुटुंब अर्ध्यातून उठून गेलं. गेले ते शांतपणे गेले, मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

दोघी टेअर ड्रेस घालून आल्या होत्या. आईचा जांभळा, खाली कापडी शंकरपाळ्यांची नक्षी. आमच्या बायका आधी शिवणच बघत बसल्या. 'ओसियो', म्हणजे नमस्कार, म्हणून सुरुवात केली. मुलीने पहिल्यांदाच सांगितलं की आम्ही तुम्हाला बदलायला आलो नाही, जे आमच्याकडे उरलंय ते ऐकवायला आलोय. मग आई बोलली. तिची आई शाळेत भाषा बोलली म्हणून मार खाऊन घरी यायची, आणि रविवारी चर्चमध्ये तीच भाषा मोठ्याने म्हणायची, कारण तिथे कुणी अडवत नसे. कोविडची लस आली तेव्हा चेरोकी राष्ट्राने भाषा बोलणाऱ्यांना पहिल्या रांगेत ठेवलं. आई त्या रांगेत होती. 'मला पहिल्यांदा वाटलं की माझं बोलणं मोलाचं आहे,' असं म्हणाली आणि लगेच गाण्याकडे वळली, कुणाला हळहळायला वेळच दिला नाही.

पण मला सांगायचंय ते पुढचं. आमच्याकडे एक ब्याऐंशी वर्षांच्या आजी आल्यात, सातारा जिल्ह्यातल्या, मुलाकडे राहायला. गाणी संपल्यावर त्या उठल्या, आईच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि न विचारता जात्यावरची ओवी म्हटली. जातं नाही तरी हात गोल फिरत होता. आईने ऐकलं, पुन्हा म्हणायला लावलं, पर्समधून वही काढली आणि चेरोकी अक्षरांत लिहायला लागली. मुलगी मान वाकवून बघत होती. 'पंढरी'ला पेन अडलं. 'प' कुठून आणायचा? तिने विचार करून अक्षरं घातली आणि वाचलं, 'क्वँदली'. आजी म्हणाल्या, "अगं, पंढरी." आई म्हणाली, "क्वँदली." असं चारपाच वेळा झालं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, दोघी हसत होत्या, आणि कुणी मध्ये पडलं नाही. खिळेजुळारी, तेव्हा तुमची फार आठवण आली.

निघताना मुलगी म्हणाली, आमच्यात कायमचा निरोप देणारा शब्द नाही, 'दोनादागोहँई' म्हणतो, पुन्हा भेटू. मी म्हटलं, आम्हीही 'जाते' म्हणत नाही. फराळाचा डबा दिला, पाकीट दिलं. वहिनी, व्यवस्थित दिलं.

खिळेजुळारी
'क्वँदली' वाचून हसता हसता डोळे पुसले. वडील असते तर लगेच खिळे मागवायला निघाले असते.

वाड्यातली वहिनी
फार बरं वाटलं. त्या उठून गेलेल्या कुटुंबाला दारापर्यंत सोडलंत हेही.

स्वल्पविराम
शेवंतीताई, मी चुकीचा प्रश्न विचारत होतो, म्हणजे कोणतं गाणं खरं हा. आजी नंतर काय म्हणाल्या?

शेवंती
म्हणाल्या, "तिचा खालचा सूर माझ्या नणंदेसारखा आहे." नणंद गेल्याला वीस वर्षं झाली.

परतीचं तिकीट जानेवारीचं होतं. मुलाकडून ते मार्चअखेरीवर न्यायला लावलंय. रानकांदे तेव्हा येतात.